अडतीस सेकंदांची कॉलर

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. बावीस वर्षं मी शर्टाच्या कारखान्यात एकच काम केलं. गळ्यात घड्याळ अडकवून शिवणाऱ्या बायकांच्या मागे उभं राहायचं आणि कुणाला किती सेकंद लागतात ते लिहायचं. हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण बायका मला टिकटिक म्हणायच्या. तोंडावर अर्थातच नाही. मी ओळीच्या एका टोकाला दिसलो की जिभेने टाळूवर केलेला टिक टिक आवाज दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, आणि मी गर्रकन वळलो की सगळ्यांच्या माना खाली. बावीस वर्षांत एकीलाही पकडता आलं नाही मला.

मग हमी आली. राहायला खोली, पोटभर धान्य, अंगभर कपडा, औषधपाणी, पोरांचं शिक्षण. सगळ्यांना, काम करा नाहीतर करू नका. मी बायकोला म्हणालो, "हे थोतांड सहा महिने टिकलं तर मिशी काढीन." बायकोने तारीख भिंतीवर लिहून ठेवली. सहा महिन्यांनी सकाळी चहाबरोबर तिने वस्तरा पुढे ठेवला. काय करता, शब्द दिला होता.

कारखान्यात आमच्या दोनशे दहा बायका. हमीच्या तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी त्यातल्या अकरा आल्या. साहेब फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते आणि त्यांच्या शेजारी मी घड्याळ घेऊन. खरं सांगतो, मला बायकांचा भयंकर राग आला होता. कृतघ्न, आळशी, काय काय मनात आलं. वर्षाच्या शेवटी कारखाना बंद झाला. जाताना साहेबांनी घड्याळ माझ्याच हातात ठेवलं, आठवण म्हणून. त्याची एक चपटी पत्र्याची डबी होती. त्या डबीत, अस्तराच्या कापडाखाली, घडी घातलेला एक जुना कागद होता. तो तिथे आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

घरी बसून करणार काय? दूध उतू जायला किती वेळ लागतो ते मोजलं. बायको केस विंचरायला किती वेळ घेते ते मोजलं. ती म्हणाली, "मला पुन्हा मोजलंत ना, तर ते घड्याळ चुलीत घालीन. आणि तुम्हालाही." वर्षभर असंच चाललं.

एका सकाळी भाची आली. माझ्या ताईची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. हमी असूनही जाते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, "आता पेशंटशी बोलायला वेळ असतो, आता कशाला सोडू?" ती दारातच उभी राहून म्हणाली, "मामा, आईने निरोप दिलाय. हॉलवर ये."

माझा हात कपावरच राहिला. "ताईने? माझं नाव घेतलं तिने?"

भाची जरा घुटमळली. "नाव नाही घेतलं. म्हणाली, त्या घड्याळवाल्याला बोलाव, फॉर्मवर सही लागते."

त्या घड्याळवाल्याला! तरी माझा जीव वरखाली झाला. ताई माझ्याशी चोवीस वर्षं बोललेली नव्हती. लग्नकार्यात नाही, आजारपणात नाही, रस्त्यात समोरासमोर आलो तरी नाही. हमीने मला सगळं दिलं होतं, आणि जे एक हवं होतं ते कुठल्याच हमीत बसणारं नव्हतं. मला ताईच्या तोंडून एक शब्द हवा होता.

आता ती का बोलत नव्हती ते सांगायला हवं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती सोळाची आणि मी नऊचा. ती कारखान्यात कॉलरींवर बसली आणि तिने शिवलेल्या कॉलरींवर मी शिकलो. वेळ मोजायच्या परीक्षेत पहिला आलो आणि त्याच कारखान्यात लागलो. पहिल्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आत शिरलो तेव्हा ती शेजारच्या बाईला म्हणाली, "माझा भाऊ बरं का!" मला ऐकू आलं होतं ते. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी मला कॉलरच्या ओळीवर पाठवलं. नियम असा की एका बाईच्या दहा कॉलरी मोजायच्या, सरासरी काढायची, त्यात तुटलेला दोरा, पाणी पिणं, थकवा यांची सूट मिळवायची आणि मग आकडा ठरवायचा. तो आकडा फळ्यावर लागायचा आणि सगळ्यांनी तो पाळायचा. मी ताईच्या मागे उभा राहिलो. ओळीत तिचाच हात सगळ्यात जलद आणि स्वच्छ होता. नऊ कॉलरी झाल्या. बावन्न सेकंद, चोपन्न, एक्कावन्न, असेच सगळे. तेवढ्यात साहेब येऊन माझ्या मागे उभे राहिले. पेन कागदावर तडतड वाजायला लागलं. ताईने मान वळवली नाही, पण तिला ते ऐकू गेलं असणार. आणि दहावी कॉलर तिने अशी काही शिवली की मला तिचे हात दिसलेच नाहीत. अडतीस सेकंद. भावाची लाज राखायला शिवली होती ती कॉलर, दुसरं काही नाही.

"वा!" साहेब म्हणाले, "अडतीस. हाच धरा."

आणि परीक्षेत पहिला आलेल्या मी तोच धरला. नऊ आकड्यांचा कागद घडी करून खिशात घातला आणि नव्या कागदावर अडतीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागलं. कॉलर, अडतीस सेकंद. त्या आकड्याने चौदा बायकांची बावीस वर्षं खाल्ली. बोटात सुई घुसायची, पाणी प्यायची चोरी, मान वर केली की नग मागे पडायचे. बायकांना एवढंच ठाऊक होतं की आकडा ताईच्या हातावरून आलाय. बटणांची काजं करणारी एक बाई होती, तिखट जिभेची. तिची सख्खी जाऊ कॉलरच्या ओळीत होती. ती सगळ्यांसमोर ताईला म्हणाली, "भावाला बढती मिळावी म्हणून आमच्या माना मुरगळल्यास ना?" त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ताईच्या शेजारी कुणी बसलं नाही. ताई उलटून काही बोलली नाही. बोलली असती तर नऊ कॉलरी बाहेर आल्या असत्या आणि माझी नोकरी गेली असती. मी एका वाक्यात सांगून टाकू शकलो असतो. मी वाट बघितली, की विसरतील बायका. त्या विसरल्या नाहीत, आणि ताईने माझ्याशी बोलणं टाकलं.

असो. निरोप आला तसा मी इस्त्रीचा शर्ट घातला, घड्याळाची डबी घेतली आणि निघालो. कारखान्याचा तो शिवणाचा हॉल बायकांनी मागून घेतलाय आणि तिथे काहीतरी चालतं, एवढं मी ऐकून होतो.

दारातच थबकलो. आधी मला वाटलं चुकून दुसरीकडे आलो. हॉलमध्ये ऊन होतं. बावीस वर्षांत त्या हॉलमध्ये मी ऊन पाहिलं नव्हतं, कारण खिडक्यांच्या काचांना रंग फासायची शिफारस माझीच होती, नोकरीच्या पहिल्या महिन्यातली. बाहेर बघण्यात दर तासाला अर्धं मिनिट जातं, असं मी लिहून दिलं होतं. तो रंग कुणीतरी खरवडून काढला होता. काचेबाहेर एक झाड होतं, चांगलं दोन मजले उंच. एवढं झाड काही दोन वर्षांत वाढत नाही. म्हणजे ते तिथेच होतं आणि मी बावीस वर्षं त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. मी बघतच राहिलो.

आवाजही वेगळा. पूर्वी दोनशे मशीनची मिळून एकच घरघर असायची, कानाचे पडदे फाटायचे. आता नऊ मशीन होती आणि प्रत्येक आपापल्या चालीने. एक धावायचं, एक थांबायचं, मध्येच कुणी गुणगुणायचं. एक म्हातारी बाई भर सकाळी टेबलाखाली चटई टाकून घोरत होती आणि तिला कुणी उठवत नव्हतं. ताई पार कोपऱ्यात, खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसली होती. केस पांढरे झाले होते. तिच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये दोन टेबलं रिकामी होती. काम एका छताखाली, पण ते अंतर अजून तसंच होतं.

"आले बघा टिकटिक!" कुणीतरी म्हणालं. या वेळी तोंडावर. "अगं बाई, मिशी कुठे गेली?"

"हमीला दिली," मी म्हणालो. सगळ्या हसल्या. ताईची पाठ हलली नाही.

तेवढ्यात एक गवंडी आत आला. त्याचा शर्ट तयार होता. शिवला होता खिसेवालीने. ही खिसेवाली म्हणजे अठरा वर्षं फक्त डाव्या खिशांवर बसलेली बाई. पंचवीस सेकंदांना एक खिसा, मीच मोजलेला. गवंड्याचा उजवा खांदा वर्षानुवर्षं ओझं वाहून खाली उतरलेला, त्यामुळे कुठलाही तयार शर्ट त्याच्या अंगावर तिरका बसायचा. त्याने नवा शर्ट चढवला, बटणं लावली आणि आरशापुढे गेला. मग त्याने दोन्ही हात वर केले, वीट उचलून वर देतात तसे. शर्ट कमरेतून वर सरकला नाही. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. खांदे सरळ दिसत होते. तो गडी आरशात बघत बराच वेळ हात वर करून तसाच उभा राहिला.

"माझाच ना हा?" त्याने विचारलं.

"मग काय माझ्या नवऱ्याचा?" खिसेवाली म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. माझेही. मी कारखान्यात लाखो शर्ट पाहिले, पण शर्ट माणसाच्या अंगावर चढताना पहिल्यांदा पाहिला.

पण जडलेली सवय जाते होय! तोंडातून निघून गेलंच, "किती वेळ लागला याला?"

"चार दिवस," खिसेवाली म्हणाली.

"चार दिवस? एका शर्टाला चार दिवस?" मी ओरडलो, चांगला पूर्वीसारखा, हॉल दणाणून सोडला. आणि एकही मान खाली गेली नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग एकीने टिक टिक केलं, मग दुसरीने, आणि मग अख्खा हॉल खो खो हसायला लागला. टेबलाखालची म्हातारी जागी होऊन विचारायला लागली, "काय झालं गं?" या बायका मला घाबरत नव्हत्या. घाबरायचं कारणच कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि माझ्या ओरडण्यात त्या कारणाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

काजवाली फॉर्म घेऊन आली. तीच, तिखट जिभेची. हॉलचा कारभार आता ती बघते. नगराच्या कोठारातून कापड मिळतं, त्यासाठी फॉर्म. त्यात रकाना होता, एका नगाला लागणारा वेळ, आणि खाली, वेळ मोजणाऱ्या जाणकाराची सही.

"म्हणजे पुन्हा फळा?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं होतं मला.

"फळा गेला भंगारात," काजवाली म्हणाली. "शर्ट मागायला येतो त्याला सांगावं लागतं ना, बाबा, कधी ये. त्या बिचाऱ्याला हेलपाटे नकोत. हा आकडा त्याच्यासाठी आहे, आमच्या मानेवर ठेवायला नाही. नुसत्या कॉलरीच्याही मागण्या येतात, जुन्या शर्टांना लावायला. तिथून सुरू करा. कॉलरीला किती वेळ?"

मी डबी उघडायला लागलो, तशी ती म्हणाली, "थांबा. आमचा एक नियम आहे. जो मोजणार त्याने आधी एक नग करून दाखवायचा."

"हा कुणी काढला नियम?"

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या पाठीकडे पाहिलं.

बसलो मग. काजवालीने माझ्या हातातून घड्याळ काढून घेतलं आणि माझ्या मागे उभी राहिली, अगदी मी उभा राहायचो तिथेच, उजव्या खांद्याच्या मागे. घड्याळ सुरू केल्याचं खुट्ट ऐकू आलं आणि माझी मानच आखडली. बाप रे! त्या जागेवर कुणी उभं राहिलं की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, मी नुसता उभा तर असतो.

समोर कापडाचे दोन तुकडे आणि मधलं कडक अस्तर. एवढंच. सुईत दोरा ओवायला गेलो तर दोरा ओवता येईना. खिसेवालीने जिभेने टोक ओलं करून चिमटीत धरायला सांगितलं. ओवला. पायाने दाब दिला तर मशीन उधळलं, टाका गेला थेट कापडाबाहेर, आणि सुई मोडली. नवी सुई. पुन्हा ओवा. वरचा तुकडा पुढे पळायचा, खालचा मागे राहायचा, अस्तर तिसरीकडेच. दोन बोटांनी वरचा मागे धरायचा आणि खालच्याला हलकेच पुढे ढकलायचं, हे दोन्ही एकाच वेळी करायचं असतं. मला कुठून ठाऊक असणार! लाखो कॉलरी माझ्या नाकासमोर शिवल्या गेल्या होत्या, पण मी बघत होतो घड्याळाकडे. हातांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

कसाबसा एका कडेने कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि अडलो. आता वळायचं कसं? कापड ओढलं तर टाके सुटायला लागले. मी असहाय होऊन वर पाहिलं.

कोपऱ्यात ताईचं मशीन थांबलं. तिने खुर्ची जराशी तिरकी केली, एवढीच की तिचे हात मला दिसावेत. तिच्याही पुढ्यात कॉलर होती. तिने सुई कापडात खाली रुतवून ठेवली. कापड दाबून धरणारी दाबपट्टी उचलली. सुईच्या खुंटाभोवती कापड अलगद फिरवलं. दाबपट्टी खाली. मग पुन्हा पहिल्यापासून, आणखी सावकाश. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही तिने. लहानपणी मला अक्षर गिरवायला ती असंच शिकवायची, आधी स्वतः काढून दाखवायची. मला रडू फुटेल असं वाटलं, पण बाकीच्या बायका बघत होत्या.

मी सुई रुतवली. दाबपट्टी उचलली. कापड फिरवलं. आणि काय सांगू तुम्हाला, कोपरा वळला! माझ्या हातून वळला. मी एकदम "अरे!" म्हणालो. ही गोष्ट ताई दिवसाला हजारदा करत होती, दोन कोपरे प्रत्येक कॉलरीला, आणि मी तिला सेकंदांत मोजत होतो. जोडणं, धरणं, वळणं, पुन्हा वळणं, तोडणं, ठेवणं. एवढं सगळं बावन्न सेकंदांत मावायचं, याचंच मला आता आश्चर्य वाटत होतं. त्यातले चौदा सेकंद मी आणखी काढून घेतले होते. कुठून दिले असतील या बायकांनी ते?

"टिकटिक," काजवाली माझ्या मागून म्हणाली, "घड्याळाचा बारका काटा फिरून परत शून्यावर आला. मोडलं की काय?"

मोडलं नव्हतं. बारका काटा मिनिटांचा, तीस मिनिटांनी पूर्ण फेरी करतो. इतक्या वर्षांत मी कधी त्याला फेरी करू दिली नव्हती. मी मागे वळून पाहिलं, तर तो दुसऱ्या फेरीला लागला होता.

मग कोपऱ्यांवरचं जादा कापड कापलं, कॉलर उलटून सुलट केली, बोथट काडीने आतून टोकं बाहेर काढली, इस्त्री केली, आणि कडेने वरचा टाका मारला. तोही वाकडातिकडा. कारखान्यात ही कामं पुढच्या ओळीची असायची. संपवून हात वर केले तेव्हा पाठीला घामाच्या धारा लागल्या होत्या. टेबलावर एक कॉलर होती. पांढरी, दोन टोकांची, मी केलेली. चार वेळा हातात घेऊन पाहिली मी ती. पन्नाशीला आलेला माणूस, पण उठून सगळ्यांना दाखवत सुटावं असं वाटत होतं.

"एक तास अकरा मिनिटं," काजवाली म्हणाली. हशा पिकला. "घ्या पेन. लिहा काय लिहायचं ते."

पेन हातात घेतलं आणि ते तडतड वाजायला लागलं. तसंच, चोवीस वर्षांपूर्वीसारखं. कोपऱ्यातली पाठ ताठ झाली. तिला ऐकू गेलं होतं. आणि मला कळलं की आज घाई करून मला सोडवायला ती दहावी कॉलर शिवणार नव्हती.

मी पेन ठेवलं. डबीतलं अस्तर नखाने उचकटलं आणि कागद काढला. घड्यांवर फाटला होता.

"हे ऐका," मी म्हणालो आणि वाचायला लागलो. "बावन्न. चोपन्न. एक्कावन्न. पंचावन्न. बावन्न. त्रेपन्न. छप्पन्न. एक्कावन्न. चोपन्न."

"हे काय?" काजवालीने विचारलं.

"माझ्या बहिणीच्या नऊ कॉलरी. फळ्यावर अडतीस लागले, त्याच्या आदल्या दिवशीच्या. नियमाने याच धरायच्या, त्यात सूट मिळवायची, म्हणजे साठच्या आसपास आकडा यायचा. साहेब मागे उभे राहिले, माझे हात कापायला लागले, आणि माझी फजिती होऊ नये म्हणून दहावी तिने जीव तोडून शिवली. ती एक मी लिहिली. नऊ लपवल्या. तिने तुमच्या माना मुरगळल्या नाहीत. मी मुरगळल्या. ती गप्प बसली ती माझी नोकरी जाऊ नये म्हणून, आणि मी गप्प बसलो ते... भित्रा होतो मी. आणि काय."

हॉलमध्ये एकही मशीन चालत नव्हतं. मला वाटलं, आता या मला झोडपणार, आणि झोडपलं असतं तर बरंच झालं असतं. काजवालीने कागद घेतला आणि स्वतः एकेक आकडा वाचला, ओठ हलवत. मग तिने तो टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला आणि वर कात्री ठेवली. तिचा चेहरा उतरला होता.

"चोवीस वर्षं," ती ताईच्या पाठीकडे बघत म्हणाली. "चोवीस वर्षं एकटी जेवलीस गं. एकदा तरी बोलायचंस."

काजवालीने आपला डबा उचलला आणि दुसऱ्या हाताने स्टूल फरफटत नेलं, त्या दोन रिकाम्या टेबलांच्या पलीकडे, थेट ताईच्या शेजारी. जेवायला अजून तासभर होता. तरी खिसेवाली उठली. मग आणखी दोघी. टेबलाखालची म्हातारी चटईसकट निघाली. स्टुलं सरकल्याचा नुसता गोंगाट झाला.

"आणि फॉर्म?" कुणीतरी विचारलं.

"राहू दे उद्यावर," काजवाली म्हणाली.

मी एकटाच मशीनवर बसून होतो, काय करावं ते न कळून. त्या गोंगाटातून ताई उठली. हळूहळू चालत माझ्या टेबलापाशी आली. माझी कॉलर उचलून तिने खिडकीच्या उजेडात धरली. एका टोकावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या टोकावरून. दुसऱ्यावर अंगठा थांबला.

"टोक वाकडं आलंय," ती म्हणाली. "उसव."

तिचा आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता. मी बावळटासारखं विचारलं, "आत्ता? लगेच?"

ताईने कॉलर माझ्या हातात दिली.

"सावकाश उसव," ती म्हणाली. "कुणी घाई लावलीये तुला?"

चोवीस वर्षांनी माझी बहीण माझ्याशी बोलली, आणि मी खाली मान घालून टाके उसवायला बसलो.